क्यूबिट वाट अडवत नाही: एकमितीय वेव्हगाइडमधलं फोटॉनचं विकिरण, पहिल्या पायरीपासून

क्यूबिटवर, म्हणजे दोनच ऊर्जापातळ्या वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम अणूवर, फोटॉन सोडला आणि तो परत आला, एवढं वाचून नवखा माणूस मनाशी एक चित्र रंगवतो: क्यूबिटनं फोटॉन गिळला, थोडा वेळ पोटात ठेवला आणि मागच्या मागे फेकला. मीही सुरुवातीचे कित्येक महिने हेच चित्र धरून बसलो होतो. अडचण अशी की त्यावरून एकाही आलेखातला आकडा काढता येत नाही. गिळलेला फोटॉन मागेच का फेकायचा? पुढे का नाही? या प्रश्नापाशी ते चित्र कोसळतं. खालच्या पायऱ्या त्याच्या जागी दुसरं चित्र उभं करण्यासाठी आहेत.

साहित्य फार लागत नाही. संमिश्र संख्यांची ओळख, पहिल्या क्रमाचं एक विकलक समीकरण आणि आलेख काढण्यापुरतं पायथन. अक्षरं मी जुन्या बीजगणिताच्या पुस्तकांसारखी देवनागरीच वापरतो. ‘ग’ म्हणजे क्यूबिटमधली ऊर्जा वेव्हगाइडमध्ये, म्हणजे लहरींना ठरावीक वाटेनं नेणाऱ्या मार्गिकेत, ओसरण्याचा दर. शोधनिबंधांत त्याला गॅमा म्हणतात. ‘फ’ म्हणजे येणाऱ्या फोटॉनची आणि क्यूबिटची वारंवारता यांतला फरक. तो तिकडचा डेल्टा. आणि ‘आय’ म्हणजे उणे एकचं वर्गमूळ.

पायरी १: मैदान सोडून बोळात या

मोकळ्या अवकाशातला अणू चहूदिशांना प्रकाश टाकतो. समोरून येणारा लेझरचा झोत कितीही बारीक केला, तरी त्याचा आकार अणूच्या त्या चौफेर पसरणाऱ्या लहरींशी नीट जुळत नाही. सिंगापूरच्या एका गटानं २००८ मध्ये भिंगानं प्रकाश एका रुबिडियम अणूवर एकवटला, तेव्हा त्या एका अणूनं झोत सुमारे १० टक्क्यांनी मंद केला. मोकळ्या जागेतल्या एका अणूसाठी ही मोठीच मजल होती, पण उरलेले ९० टक्के निघूनच गेले.

एकमितीय वेव्हगाइडमध्ये हा प्रश्नच उरत नाही. पुढे आणि मागे, दोनच दिशा. मैदानात माणूस चुकतो, बोळात गाठ पडतेच. उपमा इथवरच ताणायची, कारण बोळातला माणूस अंगानं वाट अडवतो आणि क्यूबिट तसं काही करत नाही. अतिवाहक क्यूबिट मिलिमीटरच्या काही अंशांएवढा असतो. चिपवरच्या वेव्हगाइडमध्ये ५ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हची तरंगलांबी असते २४ मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या लांब लहरीला एवढासा ठिपका अंगानं काय अडवणार?

वेव्हगाइड प्रकाशाचाही असू शकतो: निमुळती केलेली काचतंतूची तार, किंवा क्वांटम डॉट बसवलेला फोटॉनिक क्रिस्टल. या लेखात मी अतिवाहक मायक्रोवेव्ह परिपथाशीच राहतो, कारण तिथे हे विकिरण, म्हणजे फोटॉनचं क्यूबिटवरून विखुरणं, सर्वांत स्वच्छ दिसतं.

पायरी २: तीन ओळी लिहा

स्टॅनफर्डमधल्या जुंग-त्सुंग शेन आणि शानहुई फान यांनी २००५ मध्ये हा प्रश्न पूर्ण क्वांटम पद्धतीनं सोडवला. नवख्यानं लगेच त्यांच्या निबंधात शिरू नये. एका फोटॉनपुरतं उत्तर तीन ओळींत निघतं आणि ते नेमकं तेच असतं.

पहिली ओळ क्यूबिटची. उत्तेजित पातळीचा आयाम (ॲम्प्लिट्यूड) तीन कारणांनी बदलतो: फ या गतीनं त्याची कला (फेज) फिरते, ग/२ या दरानं तो ओसरतो, आणि येणारी लहर त्याला ग/२ च्या वर्गमुळाच्या पटीत ढकलते. दुसरी ओळ बाहेरची: क्यूबिटच्या पुढे जाणारी लहर म्हणजे मूळ लहर अधिक क्यूबिटनं पुढे टाकलेली लहर, तीही ग/२ च्या वर्गमुळाच्या पटीत. तिसरी ओळ: सगळं स्थिरावलं असं धरा, म्हणजे काळानुसार होणारा बदल शून्य.

सोडवल्यावर पुढे गेलेल्या लहरीचा आयाम येतो

फ ÷ (फ + आय × ग/२)

आणि मागे आलेल्या लहरीचा

−आय × ग/२ ÷ (फ + आय × ग/२).

हे स्वतः करून बघा. वहीत दहा मिनिटं लागतात आणि ती दहा मिनिटं पुढचे दोन महिने वाचवतात. पहिला आयाम म्हणजे १ अधिक दुसरा, हेही ताडून घ्या. पुढचं सगळं त्या ‘१ अधिक’मध्ये आहे.

पायरी ३: शून्याकडे नीट बघा

फ शून्य करा. पुढे गेलेला आयाम शून्य, मागे आलेला उणे एक. एकटा क्यूबिट पूर्ण आरसा झाला.

आता क्यूबिट स्वतः काय करतोय ते पाहा. तो डावीकडे आणि उजवीकडे सारखीच लहर टाकतोय, कारण त्याला दिशा कळतच नाही. दोन्ही बाजूंना उणे एक. मागच्या बाजूला या लहरीला दुसरं कुणी भेटत नाही, म्हणून ती परावर्तन म्हणून दिसते. पुढच्या बाजूला मात्र मूळ लहर आहे, अधिक एक. अधिक एक आणि उणे एक मिळून शून्य. म्हणजे क्यूबिटच्या पुढे अंधार आहे तो फोटॉन थांबवल्यामुळे नाही; तिथे दोन लहरी एकमेकींना खोडतायत. व्यतिकरण आहे हे, अडथळा नव्हे.

एखादा झोका त्याच्याच लयीत ढकलला की तो तुमच्या हाताच्या पाव आवर्तन मागे राहतो. क्यूबिटही अनुनादाला, म्हणजे फ शून्य असताना, तसाच पाव आवर्तन मागे पडतो, आणि त्यानं टाकलेली लहर आणखी पाव आवर्तन मागे. दोन पाव मिळून अर्धं, म्हणजे उलटी कला. ‘मागेच का फेकायचा?’ याचं उत्तर हे: तो दोन्हीकडे फेकतो, पुढचं फक्त खोडलं जातं.

परावर्तित ऊर्जेचा वाटा काढायचा तर आयामाचा वर्ग: (ग/२)² भागिले फ² + (ग/२)². फ हा ग/२ एवढा झाला की वाटा निम्मा. फ पाच ग एवढा झाला की एक टक्का. अनुनादापासून थोडं सरकलं की क्यूबिट जणू नाहीच.

पायरी ४: दोनानं आणि दोन पायनं (२π) चुकू नका

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सर्वाधिक माणसं इथेच पडतात. ग हा ऊर्जेचा दर आहे, आयामाचा दर ग/२. काही निबंध ग एका दिशेपुरता धरतात, काही दोन्ही दिशांचा मिळून. मी दोन्हींचा मिळून धरलाय. शिवाय ‘१० मेगाहर्ट्झ’ असं लिहिलेलं असलं, तर समीकरणात टाकताना दोन पायनं गुणायचं. तेव्हा ग होतो सेकंदाला सुमारे ६.३ कोटी आणि क्यूबिटचं आयुष्य १६ नॅनोसेकंद. कोणताही निबंध उघडला की आधी त्याची व्याख्या शोधा, मगच त्याच्या आलेखाशी स्वतःचा आलेख जुळवा.

पायरी ५: गळती आणि डीफेझिंग वेगवेगळी टाका

खरा क्यूबिट थोडी ऊर्जा वेव्हगाइडबाहेरही सांडतो. समजा, ओसरणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्के वेव्हगाइडमध्ये जाते आणि १० टक्के दुसरीकडे. मग अनुनादाला मागे येणारा आयाम ०.९ आणि पुढे जाणारा ०.१. वर्ग करा: मागे ८१ टक्के, पुढे १ टक्का. बाकीचे १८ टक्के कुठे गेले? सांडले. गळती १० टक्के असूनही तोटा १८ टक्के! फक्त पुढचा आलेख पाहणाऱ्याला ९९ टक्के प्रकाश विझलेला दिसतो आणि वाटतं, आपला आरसा ९९ टक्क्यांचा आहे. नाही, तो ८१ टक्क्यांचा आहे. शक्य असेल तिथे परावर्तनही मोजा, असं मी आग्रहानं सांगतो ते यासाठी.

डीफेझिंग निराळं. त्यात ऊर्जा जात नाही, क्यूबिटची वारंवारता थरथरत राहते आणि कला विसरली जाते. कला विसरली की खोडण्याचं काम अर्धवट राहतं. कलेचा ऱ्हासदर म्हणजे ग/२ अधिक शुद्ध डीफेझिंगचा दर; अनुनादाला मागे येणारा आयाम म्हणजे ग भागिले त्या ऱ्हासदराची दुप्पट. डीफेझिंग ग च्या दशांशाएवढं असेल तर हा आयाम ०.८३ वर घसरतो आणि पुढच्या कलाबद्ध, म्हणजे मूळ लहरीशी कला राखून असलेल्या, लहरीत जवळजवळ तीन टक्के ऊर्जा शिल्लक राहते.

हे आकडे प्रत्यक्षात कसे सुधारत गेले ते पाहण्यासारखं आहे. ओलेग अस्ताफिएव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये फ्लक्स क्यूबिट (अतिवाहक क्यूबिटचा एक प्रकार) वापरून पुढची शक्ती सुमारे ९४ टक्क्यांनी विझवली. पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठाच्या गटानं ट्रान्समॉन या दुसऱ्या प्रकारच्या क्यूबिटनं ९९.६ टक्के गाठले, आणि वर दुसऱ्या एका वारंवारतेच्या लहरीनं क्यूबिटला चालू-बंद करून येणारा संदेश हव्या त्या वाटेला वळवून दाखवला.

पायरी ६: शक्ती कमी करा. अजून कमी करा.

माझा पहिला आलेख एका प्रयोगशाळेत काढलेला. पुढे गेलेल्या लहरीच्या आलेखात अनुनादाला खोल खड्डा यायला हवा होता, आली एक उथळ बशी. दोन दिवस केबल तपासल्या, जोड घट्ट केले, चिपला दोष दिला. दोष माझा होता: शक्ती वीस डीबी, म्हणजे शंभरपट, जास्त ठेवली होती.

क्यूबिटमध्ये एका वेळी एकच फोटॉन मावतो. त्याच्या एका आयुष्यात एकाहून अधिक फोटॉन येऊ लागले की बाकीचे त्याला न जुमानता निघून जातात. आदर्श क्यूबिटसाठी, अनुनादाला, मागे येणारा आयाम १ भागिले (१ + ४न) इतका होतो. इथे न म्हणजे एका आयुष्यात, म्हणजे १ भागिले ग एवढ्या काळात, येणारे सरासरी फोटॉन. न ०.०१ असेल तर पुढे गळणारी कलाबद्ध ऊर्जा ०.१५ टक्के. न १ झाला की पुढचा कलाबद्ध आयाम ०.८, ऊर्जा ६४ टक्के. आरसा गेला.

आता हे वॉटमध्ये मांडा. ५ गिगाहर्ट्झ, ग वरचाच १० मेगाहर्ट्झचा: न = १ म्हणजे २ × १०⁻¹⁶ वॉट, अर्थात उणे १२७ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेले डीबी). मोजणीला उणे १४७ च्या आसपास राहायचं. टेबलावरचं यंत्र उणे २० किंवा उणे ४० देतं, म्हणून मधे शंभर डीबीच्या वर क्षीणन, म्हणजे लहर कमजोर करणं, लागतं. आलेख दर वेळी तीन-चार वेगळ्या शक्तींवर काढा. खड्ड्याची खोली बदलायची थांबली की समजा, एका फोटॉनच्या राज्यात पोचलात.

पायरी ७: फोटॉनला लांबी असते

आतापर्यंत आपण शुद्ध एका वारंवारतेची, अनंत लांब लहर धरली. खरा फोटॉन पुडक्यासारखा येतो. पुडकं क्यूबिटच्या आयुष्यापेक्षा खूप लांब असेल तर वरचं सगळं लागू. आखूड असेल तर त्यात अनेक वारंवारता मिसळलेल्या असतात आणि बऱ्याचशा सरळ निघून जातात.

एक सुंदर उदाहरण वहीत करून बघा. अगदी सारख्या दुसऱ्या क्यूबिटनं सोडलेला फोटॉन आपल्या क्यूबिटवर पाठवा. जुळे भाऊ, वारंवारता तीच, ग तोच. वाटतं, पूर्ण परतेल. पण त्या फोटॉनच्या वर्णपटाची रुंदीही ग एवढीच असते, आणि सरासरी काढली की परततो बरोबर निम्मा.

पायरी ८: प्रत्यक्ष मोजायचं असेल तर

५ गिगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा तापमानात मोजली तर ०.२४ केल्विन. म्हणून चिप २० मिलिकेल्विनला ठेवतात. डायल्यूशन रेफ्रिजरेटर या अतिशीत यंत्राच्या त्या तळाशी उष्णतेचे फोटॉन लाखात एखाद-दुसरे असायला हवेत. वरून येणाऱ्या केबलनं उष्णता आणली नाही तर. वरचं शंभर डीबीचं क्षीणन याच कामाचं: ते मजल्यामजल्यावर वाटून बसवतात, म्हणजे प्रत्येक टप्पा वरचा गोंगाट गाळतो. परतीच्या वाटेवर सर्क्युलेटर (लहरीला एकाच दिशेनं जाऊ देणारा) आणि ४ केल्विनवर हेम्ट ॲम्प्लिफायर (क्षीण लहर वाढवणारा ट्रान्झिस्टर). तो स्वतः दहा-वीस फोटॉनांएवढा गोंगाट घालतो, म्हणून सरासरीला धीर हवा.

कच्चा आलेख सरळ वापरू नका. केबलचे चढउतार त्यात असतात. चुंबकीय फ्लक्सनं क्यूबिटची वारंवारता दूर सरकवून किंवा शक्ती भरपूर वाढवून त्याला निष्प्रभ करून एक कोरा आलेख घ्या आणि मूळ आलेखाला त्यानं भागा. मग पुढचा आयाम संमिश्र पातळीवर मांडा: कमी शक्तीला १ मधून जाणारं वर्तुळ दिसायला हवं, आदर्श असेल तर ते शून्यालाही शिवतं. शक्ती वाढवली की वर्तुळ चपटं होत जातं. वर्तुळ फिरलेलं किंवा कललेलं दिसलं तर नवीन भौतिकी सापडली म्हणून नाचू नका, बहुधा कुठल्या तरी जोडावरून लहर परततेय.

आपल्याकडे अशा चिप अगदीच दूरची गोष्ट राहिलेली नाही. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) अतिवाहक क्यूबिट बनवले जातात. २०२४ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी डीआरडीओसोबत सहा क्यूबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली.

पायरी ९: दोन फोटॉन

इथे तीन ओळींचं गणित संपतं. एक फोटॉन आत असताना दुसरा आला तर क्यूबिट त्याला तशीच वागणूक देऊ शकत नाही. शेन आणि फान यांनी २००७ मध्ये याचं उत्तर दिलं: दोघांची एकूण ऊर्जा तीच राहते, पण वाटणी बदलते, आणि दोन फोटॉन एकमेकांना चिकटल्यासारखे बाहेर पडू शकतात.

मोजणीत हे दोन रूपांत दिसतं. मागे येणारे फोटॉन एकेकटेच येतात, दोन एकदम कधीच नाहीत, कारण मागची प्रत्येक लहर क्यूबिटमधूनच आलेली असते. पुढे अनुनादाला एकट्या फोटॉनची वाट खोडलेलीच आहे. तरीही जे थोडं सुटतं त्यात जोड्या जोड्या असतात. एकच क्यूबिट एका बाजूला एकेकटे पाठवतो आणि दुसऱ्या बाजूला जोड्या गाळून सोडतो. साधा अर्धपारदर्शक आरसा हे करू शकत नाही. हे गणकावर करायचं असेल तर क्यूटिप नावाची पायथनची मोफत लायब्ररी घ्या.

पायरी १०: दोन क्यूबिट, आणि गणकानं केलेली तक्रार

दुर्बळ लहरीसाठी दोन क्यूबिट म्हणजे दोन आरसे. मधल्या सगळ्या ये-जा बेरजेला धरल्या की पुढचा आयाम येतो: एका क्यूबिटच्या पुढच्या आयामाचा वर्ग, भागिले १ उणे (मागच्या आयामाचा वर्ग गुणिले जाऊन-येऊन जमलेल्या कलेचा गुणक). मधलं अंतर पाव तरंगलांबीच्या विषम पटीत असेल तर तो गुणक −१. अर्ध्याच्या पटीत असेल तर +१.

झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात आर्यन फान लो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एकाच चिपवर दोन्ही पाहिलं. क्यूबिट एकमेकांपासून १८.६ मिलिमीटरवर. ते सरकवता येत नाहीत, पण त्यांची वारंवारता बदलता येते: ६.४ गिगाहर्ट्झला हे अंतर एक पूर्ण तरंगलांबी, ४.८ ला पाऊण. गुणाकार करून बघा, वेव्हगाइडमधला वेग सेकंदाला १२ कोटी मीटरच्या जवळ येतो, प्रकाशाच्या सुमारे ४० टक्के. पाऊण तरंगलांबीला दोन क्यूबिट वेव्हगाइडमधून उत्तेजनाची देवघेव करतात. पूर्ण तरंगलांबीला दोघं एकत्र, दुप्पट वेगानं ओसरतात.

हा दुसरा आलेख तुम्ही स्वतः काढा. गुणक +१ ठेवा आणि फ उणे पाच ग पासून अधिक पाच ग पर्यंत, मधे शून्य येईल असा फिरवा. खड्डा एका क्यूबिटच्या दुप्पट रुंद येईल, आणि नेमका फ = ० ला नंपाय (पायथनची गणिती लायब्ररी) कुरकुर करेल: शून्य भागिले शून्य. बहुतेक जण तिथे फ मध्ये किंचित काहीतरी मिळवून पुढे जातात. तसं करू नका. सूत्र हातानं सोडवा: वर फ चा वर्ग, खाली फ गुणिले (फ + आय × ग). खालचा कंस दुप्पट वेगानं ओसरणाऱ्या जोडीचा. आणि तो सुटा फ, जो वरच्या एका फ बरोबर कटून जातो, तो दोघांच्या दुसऱ्या अवस्थेचा आहे: दोन क्यूबिट एकमेकांविरुद्ध कलेत, दोघांच्या लहरी बाहेर दोन्हीकडे खोडलेल्या, ओसरण्याचा दर शून्य. बाहेरून पाठवलेल्या कुठल्याही फोटॉनला ती दिसत नाही.

आता गुणकाची कला अगदी किंचित, समजा ०.१ रेडियननं, हलवा आणि आलेख पुन्हा काढा. शून्याला खड्डा तसाच राहील. पण त्याला लागूनच, सुमारे ०.०२५ ग एवढ्या अंतरावर, सुईसारखं बारीक टोक थेट १ पर्यंत चढलेलं दिसेल. फ च्या पायऱ्या मोठ्या ठेवल्यात तर ते निसटेल. हजारो बिंदू घ्या.